साताऱ्याची सून अन् सीतादह्याची पंगत

"मला इथं राहायचं नाही," सून सरळ म्हणाली. लता साताऱ्याकडची. माझा एकुलता पोरगा वाशीमला कचेरीत कारकून, आठवडाभर तिथंच खोलीवर, सुटीला घरी. त्यानं साताऱ्याकडं बदली मागावी, एवढंच तिचं म्हणणं. पोरगा गेला की केनवडात मी, माझे मालक आणि पाच एकर काळी माती. कारण विचारलं तर लता धुणं घेऊन उठली. मग कारणं मीच धरली: ऊन, तिखट जेवण, आमची रांगडी बोली.

मी म्हटलं, "मुलूख न पाहताच पळून राह्यली काय? माह्या संगं चाल. आमचं वऱ्हाड दाखवतो. मंग जाय कुठं जायचं तं."

केनवडहून सकाळची एसटी धरा आणि मालेगावात गाडी बदला. मागच्या सीटवर बसू नका, खड्ड्यांनी डोकं टपाला लागतं. आम्ही मागेच बसलो होतो. शेजारच्या बाईनं लताकडं पाहिलं, टोपली तिच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "काहून वं पोरी, तोंड पाडून बसली? सासूनं मारलं काय?"

मी म्हटलं, "अजून नाई मारलं."

अख्खी गाडी हसली. लता लाल झाली, पण टोपली तिनं धरून ठेवली.

वाशीमला पोराच्या खोलीवर सामान टाकून पद्मतीर्थ तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. तिथं बाहेर आलूबोंडे चांगले मिळतात, गरम असतील तरच घ्या. मी तिला माझ्या बापाचं सांगितलं. घर त्यानं कधी बदललं नाही. मुलूख कागदावर निजामाचा, हुकूम इंग्रजाचा. मग सरकार नागपूरचं, मग मुंबईचं. तो म्हणायचा, "आमी जाग्यावरच हावो, सरकारच फिरून राह्यलं."

लता पहिल्यांदा हसली. म्हणाली, "आत्या, हेच वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांची राजधानी होती इथं. आम्हाला शिकवलंय." माझ्या गावाजवळचं हे मला साताऱ्याच्या पोरीनं सांगावं! मला राग आला आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरवरून कारंजा. जुन्या वेशी पाहा, पण कपाशीच्या दिवसांत डोळे सांभाळून. जिनिंगपुढं बैलगाड्यांची रांग आणि कापूस उडतो तो सगळा तोंडावर. कारंज्याहून मूर्तिजापूरला छोटी रेल्वे जाते. दिवस मोकळा असला तरच तिच्यात बसा. आम्ही एसटीनं धनजला गेलो, माझ्या माहेरी.

माझी भावजय शेवंता तिथं वेचणीला जाते. दुसऱ्या दिवशी गोदाकाकूच्या शेतात सीतादही होतं, म्हणून आम्हीही गेलो. कपाशीचं पहिलं बोंड वेचण्याआधी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पूजा करतात, चारी दिशांना दहीभात उडवतात आणि मग वेचणाऱ्या बाया जेवतात. गोदाकाकू शेताची मालकीण. ती पूजा करत होती तेव्हा आम्ही लांब उभ्या. आम्ही छप्पन सालापासून बौद्ध, देव सोडलेले.

लतानं विचारलं, "मग तो दहीभात आपण कसा खायचा?"

गोदाकाकू हात पुसत आली. "परसाद नोको मनू, जेवण मन. देव माहा, दही सगळ्यायचं."

शेवंता म्हणाली, "आता मनते. पहिले हिची सासू वरून टाके आमच्या हातावर. धम्म घेतल्यावर आमी सांगितलं, पंगत एक नाई तं वेचणी नाई. फुटलेला कापूस झाडावर लोंबला, तवा म्हातारी उतरली."

"अन् पयल्या पंगतीत मी वाढलं," गोदाकाकू म्हणाली. "सासू महिनाभर बोलली नाई माह्याशी. लई बरा गेला तो महिना!"

सगळ्या हसल्या. एकाच पंगतीत बसलो. वांग्याची भाजी, भाकर, दहीभात. वाढता वाढता गोदाकाकूनं लताला विचारलं, "किती शिकली वं?"

"डी.एड."

"मास्तरीण हायेस! मंग घरात कायले बसून राह्यली?"

लतानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "नवरा पगारदार हाय तिचा. नोकरीची काय गरज?"

शेवंतानं भाकर खाली ठेवली. "बाई, कालपासून तू सांगून राह्यली का वऱ्हाड लई मोकळं, वऱ्हाड लई खरं बोलते. अन् सून कोंडून ठेवली?"

मग लता बोलली. हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं. "आत्या, मला उन्हाचं काही नाही. आपल्या केनवडात चौथी झाली की पोरी घरी बसवतात, शाळेत बाई नाही म्हणून. मी लग्न झाल्यावर तुम्हाला विचारलं होतं, शाळेत शिकवायला जाऊ का. तुम्ही म्हणालात, लोक काय म्हणतील. तेव्हाच मी ठरवलं, इथं राहायचं नाही."

   परतीच्या एसटीत मी खिडकीतून तूर बघत बसले आणि मनातल्या मनात सगळ्यांशी भांडले.

घरी आल्यावर मालकांना सांगितलं नाही, विचारलंही नाही. पदर खोचला आणि केनवडच्या शाळेत गेले. हेडमास्तरांना म्हटलं, "मास्तरीण पायजे का नाई तुमाले?" ते म्हणाले, "पाहिजे तर आहेच बाई, पण वाशीम अजून जिल्हा झालेला नाही, नेमणूक अकोल्याहून होते. तिथं अर्ज करा." आता सोमवारी लता आणि मी अकोल्याला जाणार. नोकरी मिळेल की नाही, कोण जाणे. मालक दोन दिवस घुश्शात आहेत.

मी लताला विचारलं, "मंग बदलीचं काय?"

ती म्हणाली, "अकोल्याहून येऊ, मग बघू."

मला 'राहते' ऐकायचं होतं, 'बघू' मिळालं. पण संध्याकाळी शेजारच्या तीन पोरींना ओसरीवर बसवून ती वाकाटकांचं सांगत होती, आणि दिवा लावायला मीच उठले.

तुम्हाला वऱ्हाड बघायचं असेल तर कपाशी फुटल्यावर या. कोणी तोंडावर काही विचारलं तर रागावू नका, उत्तर द्या. मला जरा वेळ लागला.