बंद इंजिन

सात रस्त्याजवळ त्याचा पिकअप उभा असतो, मागे छोटा ट्रेलर. मोटारसायकली तो गावोगाव पोचवतो. पुढचं चाक फळीला टेकवतो, दोन्ही बाजूंनी पट्टे आवळतो, रंग खरवडू नये म्हणून पट्ट्यांखाली जुन्या लुगड्याचे तुकडे घालतो. मग विचारतो, "बगा, हलतीय का?" आपण नाही म्हटलं तरी स्वतः हलवून बघतोच.

माझा धाकटा भाऊ गेला, त्याची मोटारसायकल करमाळ्याला आईकडे न्यायची होती. पट्टे आवळताना पिकअपवाल्यानं विचारलं, "कुनाची वो?" मी सांगितलं. वाटेत टेंभुर्णीला तो उतरून एकेक पट्टा चाचपून आला.

करमाळ्यात त्यानं ट्रेलर आमच्या घराच्या अलीकडच्या वळणावरच थांबवला आणि गाडी खाली उतरवली. मी किल्ली पुढे केली. "चालू करूनच नेऊ. पुढं चढ आहे."

"नगं," तो म्हणाला. "आवाज वळखत्याल की आई. पोरगं आलं म्हनून उटत्याल."

मला हे सुचलंच नव्हतं.

भर उन्हात तो गाडी ढकलत चढ चढला. मी मागून हात लावला. दारात आई तांदूळ निवडत बसली होती. आम्ही अगदी जवळ येईपर्यंत तिनं मान वर केली नाही.