लालबागच्या डोक्याला पुण्याची पगडी

कापड पाच रुपये. जरतार दीड रुपया. पुण्याहून मुंबईला तिसऱ्या वर्गाने जाऊन-येऊन तीन रुपये दोन आणे. हमाल, ट्राम आणि खाणावळ मिळून सहा आणे. मजुरी धरलेली नाही, कारण पगडी मित्राची होती. म्हणजे रामजीची पगडी मला बरोबर दहा रुपयांना पडली आणि तिचा मी एक पैसाही घेतला नाही. तेवढे दिवस दुकान बंद राहिले त्याचे काय गेले, ते आमच्या घरात विचारावे. मला रोज ऐकायला मिळते.

पुण्यात माझे पगड्यांचे दुकान आहे. लहानपणी दुसऱ्याच्या दुकानात लाकडी साचे पुसायचो. आज साचेही माझे आणि दुकानही माझे. माझ्या दुकानातून गेलेली पगडी आजवर परत आलेली नाही, हे मी गिऱ्हाइकाला पहिल्या वाक्यात सांगतो. दुसऱ्या वाक्यात किंमत सांगतो.

रामजी हा माझा जुना सोबती. उमेदवारीची काही वर्षे मी गिरगावातल्या एका दुकानात काढली, तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो. तो कोकणातून येऊन गिरणीत लागला होता. पगडी बांधायला मी शिकलो तो त्याच्याच डोक्यावर. दिवसभर उभा राहून आलेला तो बिचारा भिंतीला टेकून बसायचा आणि मी त्याला कधी पुणेरी करायचो, कधी भाटिया. पुढे तो जॉबर, म्हणजे गिरणीतल्या मजुरांवरचा मुकादम झाला, मग त्याने लालबागेत लाकडाची वखार घातली, एक चाळ बांधली. चाळ झाली तशी घरपट्टी आली, आणि घरपट्टीबरोबर मत आले. कारण मुंबईत ठरावीक पट्टी भरणाऱ्यालाच मत असते.

त्याचा निरोप असा होता: "कार्पोरेशनच्या निवडणुकीला उभा आहे. मोठे मेंबर घालतात तशी पगडी घेऊन ये. माप तुला ठाऊक आहे."

निघताना मी आळीत सांगून आलो की पुण्याची पगडी आता कार्पोरेशनात बसणार, आणि देवाच्या मनात असेल तर पुढे गव्हर्नरसाहेबांच्या कायदे कौन्सिलातही. नव्या कायद्याने कार्पोरेशनला आपल्यातला एक मेंबर कौन्सिलात धाडता येतो. तेव्हा वॉर्ड ही पहिली पायरी.

पुण्याहून कोणी जाणार असाल तर सकाळची गाडी धरा, दशम्या आणि पाण्याचा तांब्या घरचा घ्या, आणि बरोबर पगडीची पेटी असेल तर ती मांडीवर ठेवा. मी बाकावर ठेवली होती. लोणावळ्याला एक बाई चढल्या आणि तिच्यावर मूल निजवू लागल्या. मी म्हटले, "बाई, आत पगडी आहे." त्या म्हणाल्या, "मग मऊच असेल की." घाट उतरेपर्यंत ते मूल माझ्या मांडीवर आणि पेटी त्यांच्या.

बोरीबंदरला उतरून हमालाच्या डोक्यावर पेटी देऊन गिरगावात आलो. माझ्या जुन्या मालकाच्या मुलाकडे उतरायची सोय होती; जेवण कोपऱ्यावरच्या खाणावळीत, दोन आणे ताट. आमटी पातळ, पण वाढणारा हात सढळ. शेजारी बापूराव जेवायला होते. एका मोठ्या वकिलांकडे कारकून, डोक्याला नेटकी प्रभू पगडी. कौन्सिलाची बैठक पाहायची माझी फार दिवसांची इच्छा. त्यांनी वकीलसाहेबांना सांगून दुसऱ्या दिवशीची परवानगी मिळवली आणि स्वतः बरोबर आले.

कौन्सिलाचा हॉल कोटात, म्हणजे फोर्टात. जोडे पुसून जा, मोठ्याने खोकू नका, एवढे नियम मला दारातच कळले. आत कुठल्याशा कायद्याच्या कलमावर इंग्रजीत बोलणे चालले होते. ते मला कळेना, म्हणून मी मला वाचता येते ते वाचू लागलो.

"अण्णा, बोटांवर काय मोजताय?" बापूरावांनी हळूच विचारले.

"डोकी."

"खानेसुमारी सरकार करतं. तुम्ही ऐका."

"सरकार घरं मोजतं. मी पागोटी मोजतोय."

साहेब लोकांपाशी मी हरलो. त्यांच्या टोप्या बाहेर खुंटीला. उघड्या डोक्यावरून माणूस कसा ओळखायचा? बाकीचे मात्र सरळ वाचता येत होते. पारशांची ताठ, चकचकीत पागोटी. एक चक्री पगडी, बांधणी आमच्या पुण्याचीच. गुजराती व्यापारी घराण्याची एक. एका मुसलमान गृहस्थाचा सुंदर फेटा. घाटावरच्या एका सरदाराचे भरजरी पागोटे. सगळी दुसऱ्याने बांधून दिलेली किंवा आरशासमोर सवडीने बांधलेली. सकाळी अंधारात, घाईने, स्वतःच्या हाताने गुंडाळलेले मुंडासे एकही नव्हते. ओझ्याखाली चपटा झालेला रुमाल नव्हता. कोळ्याची टोपी नव्हती.

बाहेर आल्यावर मी तसे बापूरावांना म्हटले. ते वकिलाचे कारकून, गप्प थोडेच बसणार.

"अहो, प्रतिनिधी म्हणजे नमुना नव्हे. ताप आला तर तुम्ही डॉक्टर आणता, दुसरा तापकरी नाही आणत. आमचे साहेब मजुरांच्या बाजूने किती चांगलं बोलतात ते तुम्हाला कळलं असतं तर..."

"चांगलं बोलत असतील. पण बापूराव, तुमच्या डोक्याची पगडी मी लालबागेच्या माणसाच्या मापाने बांधली तर?"

"बसणार नाही."

"मग? डोकं समोर नसलं की कारागीर चांगला असूनही चुकतो. डॉक्टरदेखील नाडी आपल्या हाताने पाहतो."

बापूराव हसले. म्हणाले, "तुम्ही उभे राहा."

"मी पुण्याचा. पण माझा माणूस उभा आहे," मी म्हटले आणि पेटीवर थाप मारली.

तिथून ट्रामने भायखळ्यापर्यंत या. एक आणा पडतो. घोडे बदलतात तिथे थोडा वेळ जातो. पुढे लालबागपर्यंत मी चालत गेलो. रस्ता सरळ आहे. गिरण्यांच्या चिमण्या दिसत राहतात. नेमकी एक गिरणी सुटली होती. मी पेटी छातीशी धरून कडेला उभा राहिलो. सकाळी हॉलमध्ये पाहिले नाही ते सगळे इथे समोरून येत होते: साताऱ्याकडची जाड मुंडाशी, कोकणातले तांबडे रुमाल, मुसलमान विणकरांच्या टोप्या, कापसाचा भुरा सगळ्यांवर सारखा. बायकांचे पदरही तितकेच पांढरे. यातल्या कोणालाही मत नाही. चाळ ज्याची त्याला मत. चाळीत राहतो त्याला नाही.

रामजीने मला कडकडून मिठी मारली, त्याआधी पेटी काढून घेतली. आरशासमोर पगडी चढवली, आणि खरे सांगतो, मूठभर मांस चढले मला. काय बसली होती. रामजीचे डोके मोठे, कपाळ रुंद. जरतार अशी शोभली की त्याने स्वतःच उपरणे सारखे केले.

त्याची बायको राधाबाई पाण्याची कळशी घेऊन दारात आली ती तिथेच थांबली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "आवो, कोन आलेत?" असे तिने मलाच विचारले.

"अगं, मी," रामजी म्हणाला.

"असं होय. मला वाटलं घरपट्टीवाले." तिने कळशी ठेवली. "भावजी, तुमी कौन्सिल बघून आलात म्हनं. तिथं पानी भरनारं कोनी हाय का?"

"नाही, वहिनी."

"मग नळाचं कोन बोलनार?"

नळ हेच रामजीच्या उभे राहण्याचे मूळ होते. सगळ्या आळीला एक नळ, तोही पहाटे थोडा वेळ. गिरणीचा भोंगा आणि नळाचे पाणी एकाच वेळी येते. ज्या बाईला कामावर जायचे ती पाण्याला मुकते, आणि पाणी भरते ती अर्ध्या दिवसाच्या मजुरीला. वॉर्डाचे आताचे मेंबर म्हणजे बापूरावांचेच वकीलसाहेब; भले गृहस्थ आहेत, पण राहतात गिरगावात. त्यांच्या मोरीत नळ आहे. "वाईट नाहीत रे ते," रामजी मला म्हणाला. "त्यांना कधी तो भोंगा ऐकू आला नाही, एवढंच."

"मग तू पगडी कशाला घालतोस?"

"मतं कोणाची आहेत? वाणी, पारशी, दादरचे वाडीवाले. ते म्हणतील, जॉबर आला."

दादरला दुसऱ्या दिवशी गेलो, वखारीच्या खटाऱ्यातून. मुंबईतला हा मला सगळ्यात आवडलेला भाग. माडांच्या वाड्या, मधून भातखाचरे, समुद्राचा वारा. कोणी गेलात तर शहाळे प्या. आम्हाला पाहुणे म्हणून फुकट मिळाले. तिथे तात्या म्हणून एक वयस्क भंडारी राहतात. माडांची मोठी वाडी, चार-दोन घरे भाड्याने दिलेली. त्यांचे मत आणि त्यांच्या भावकीतली मते एकत्र पडतात. निवडणूक त्या ओटीवर होती म्हणा ना.

रामजी खटाऱ्यातून उतरला. पगडी चमकत होती. तो तोंड उघडणार तोच तात्या म्हणाले, "या, बसा. वकीलसाहेबांकडून आलात ना? दर खेपेला अशी एक पगडी येते. शहाळं प्या, पण मताचं नका विचारू. यंदा आम्ही लालबागच्या वखारवाल्याला देणार आहोत."

रामजीला ठसका लागला. मी विचारले, "तो कसा काय?"

"त्याला मी पाहिलेला नाही. माझ्या घराचे वासे त्याच्या वखारीतून आले. मापात बोटभर कमी नव्हते. गिरणीत होता म्हणतात. मुंडासं बांधतो म्हणे अजून. तुमच्या साहेबांना सांगा, राग मानू नका."

रामजीने दोन्ही हातांनी पगडी उतरवून मांडीवर घेतली. "तात्या, वखारवाला मीच. रामजी."

तात्यांनी त्याच्याकडे पाहिले, मग पगडीकडे, मग माझ्याकडे.

"मग हे काय चढवलंस?"

"ह्यानं बांधली. माझा सोबती. पुण्याचा."

"बांधलीय झकास," तात्या मला म्हणाले, आणि पुन्हा रामजीकडे वळले. "पण मत मागायला त्यांच्यासारखा होऊन आलास, तर मत मिळाल्यावर कोणासारखा होऊन बसशील?"

रामजीने पगडी माझ्याकडे सरकवली. मी ती माझ्या मांडीवर घेतली.

"तात्या, मग मत?" शेवटी रामजीने विचारले.

"आता विचार करावा लागेल," तात्या म्हणाले आणि आत गेले.

परतीच्या वाटेवर परळ मागे पडले. पेटी आमच्या दोघांच्या मध्ये. मग रामजी म्हणाला, "तुझी चूक नाही रे. मीच मागवली." मी म्हटले, "पुण्याचा माल उगाच बदनाम झाला." तेव्हा कुठे तो हसला. पण चेहरा उतरलेला होता. ती मते गेली तर सगळेच गेले, हे दोघांनाही कळत होते.

मतदानाचा दिवस आला. मत द्यायची जागा एका शाळेत होती. रामजी पहाटे उठला आणि त्याने रोजचे तांबडे मुंडासे बांधले, मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाला, "नको. हे मला येतं." शाळेत जाणारे थोडे. पण समोरच्या रस्त्यावर लालबाग लोटली होती. मत नसलेली माणसे, सुट्टी घेऊन, खाडा मांडून, फक्त बघायला आलेली. एक म्हातारा विणकर शेजारच्याला म्हणाला, "आपला माणूस आत कसा जातो ते बघून ठेव. उद्या आपल्याला जायचं झालं तर वाट ठाऊक पाहिजे."

दुपार कलली तरी तात्यांचा पत्ता नव्हता. वकीलसाहेब स्वतः आले होते. रामजीशी प्रेमाने बोलले, माणूस खरेच भला. दार बंद व्हायच्या बेताला दादरकडून बैलगाडी आली. तात्या आणि त्यांची भावकी उतरली. तात्यांनी रामजीच्या डोक्याकडे एकदा नीट पाहिले, आत गेले, बाहेर आले आणि म्हणाले, "त्या नळाचं लवकर बघ. आमच्याकडेही विहिरी खारट झाल्यात."

रामजी निवडून आला. थोडक्यात आला, पण आला. लालबागेत ढोल वाजले. मी राधाबाईंना म्हटले, "वहिनी, आता पुढची पायरी कौन्सिल." त्या म्हणाल्या, "आदी नळ." दुसऱ्या दिवशी मी भायखळ्याला चालत येऊन गाडी धरली.

पुण्यात आल्यावर लोक विचारतात, मुंबईत काय पाहिलंत? मी सांगतो, गव्हर्नरसाहेबांचा हॉल पाहिला आणि गिरणी सुटताना पाहिली. दोन्हींत पायी अंतर फार नाही. तेवढे अंतर तोडायला रामजीसारखे किती निघावे लागतील ते मला सांगता येणार नाही. पण एक निघाला, आणि त्याच्यामागे रस्ताभर माणसे वाट पाहून ठेवत उभी होती. परवा निरोप आला की नळासाठी त्याने पहिला अर्ज टाकला आहे. त्या हॉलमध्ये तांबडे मुंडासे बसलेले माझ्या हयातीत दिसेल असे मला आता वाटते. ते बांधायला मला कोणी बोलावणार नाही, हेही दिसते आहे.

मी निघताना रामजीने पगडी माझ्याच हाती दिली. दुकानात वरच्या फळीवर आहे. चार गिऱ्हाइकांना घालून पाहिली. त्याचे डोके मोठे, कोणालाच बसत नाही.