पायरीवरचा हात

दिनांक १७ मे १९७१ रोजी आमच्या बाल जलतरण मंडळाने नगरच्या स्पर्धेसाठी सदतीस रुपये वीस पैसे मंजूर केले. नऊ मुले आणि तीन मोठी माणसे यांचे एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे, प्रवेश फी आणि मुलांच्या खाण्यासाठी थोडे, असा तो हिशेब होता. मोठ्या माणसांत ड्रिलचे कानिफनाथ मास्तर, खजिनदार म्हणून मी आणि पालकांपैकी छगनराव.

मंडळ म्हणजे फार मोठे काही नव्हते. देवळाली प्रवरेत गावाबाहेर एका बागाईतदाराच्या मळ्यात दगडी बांधणीचा ऐसपैस हौद आहे. उसाला पाणी देण्यासाठी तो भरून ठेवत. शाळेला सुटी लागली की मास्तर तिथे मुलांना पोहायला शिकवायचे. मालकाची अट एकच होती. मुले पाण्यात असताना त्यांच्यापैकी कुणाचे तरी आईबाप काठावर हजर पाहिजेत. म्हणून मास्तरांनी पालकांच्या पाळ्या लावल्या. पहिल्या आठवड्यात सगळे आले, दुसऱ्यात निम्मे, आणि तिसऱ्यापासून कुणाचीही पाळी असली तरी छगनरावच येऊ लागले.

ते स्वतः उसाचे शेतकरी. अंगाने काटक, बोलणे कमी. मुले यायच्या आधी ते हौदाच्या पायऱ्यांवरचे शेवाळ नारळाच्या काथ्याने घासून काढायचे. नवीन पोरांच्या पाठीला वाळलेले भोपळे बांधायचे आणि गाठ दोनदा ओढून पाहायचे. मास्तरांनी त्यांना शिट्टी दिली होती, पण ती वाजवायला ते लाजत. एखादे पोर फार खोल गेले की नुसते त्याचे नाव घेत, आणि पोर मागे फिरत असे. त्यांची पत्नी छबूबाई एकदा भाकरी घेऊन आली तेव्हा म्हणाली, "घरची ढोरं हाका मारत्यात, अन् हे बसल्यात लोकाची पोरं राखत." छगनरावांनी भाकरी घेतली आणि तिलाच जरा पायरीवर बसायला सांगितले, म्हणजे त्यांना खाता येईल.

त्यांची मुलगी भीमा अकरा वर्षांची. हिच्यासाठी ते आधी यायला लागले, पण हौदावर आल्यावर ते तिच्या एकटीचे राहत नसत. त्यांची बसायची जागा ठरलेली होती, सर्वांत खालच्या कोरड्या पायरीवर. आमच्या भागात विहिरीवर किंवा हौदावर एक रीत आहे. पाण्यातून काठाकडे येणाऱ्याला पायरीवरच्या माणसाने हात द्यायचा. पाणी उतरले की पायरी उंच राहते आणि ओल्या दगडावर पकड मिळत नाही. मग येणारा कोण आहे हे कुणी बघत नाही. बोलणेचालणे नसलेली माणसेही हात देतात, वर घेतात, आणि पुन्हा न बोलता आपापल्या वाटेने जातात.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण छगनरावांचे असे एका माणसाशी बोलणे नव्हते. त्यांचे भाऊबंद श्रीमंतराव. दोघांची शेते लागून आहेत. मधल्या बांधावर एक बाभूळ होती, ती कुणी तोडली यावरून भांडण झाले, मग बांध कुणी कोरला यावरून झाले, आणि सहा वर्षे दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचेच असले तर तिसऱ्याकडे बघून सांगायचे. श्रीमंतरावांची मुलगी रतन भीमाच्याच वर्गात होती आणि आमच्या हौदावर सर्वांत वेगाने पोहायची. छगनराव तिलाही रोज हात देत. श्रीमंतराव मात्र पाळीला कधी आले नाहीत. छगनराव जिथे बसतात तिथे ते बसणार नव्हते.

आमची एक चूक त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नाही. सराव संपायचा तो छगनरावांच्या हाताशी. मुले पलीकडून सुटायची आणि त्यांच्या हाताला हात लावायला झेपावायची. ज्याच्या हातात आधी हात, तो पहिला. मास्तर नियमांचे पुस्तक वाचून दाखवत, त्यात शर्यत भिंतीला हात लागल्यावर संपते असे होते. पण आमच्या हौदाची भिंत शेवाळाने निसरडी. तिला कोण हात लावणार?

नगरचा पोहण्याचा तलाव मुलांनी पहिल्यांदाच पाहिला. तळाच्या रेघासुद्धा दिसतील इतके स्वच्छ पाणी, आणि दोर ताणून आखलेले पट्टे. मुख्य पंच लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी सगळ्या मंडळांच्या पालकांना एकत्र केले आणि शेवटच्या भिंतीशी प्रत्येक पट्ट्यावर एकेक माणूस पंच म्हणून उभा केला. भिंतीला हात लागला की नाही ते बघायचे, एवढेच काम. आपल्या मुलाच्या पट्ट्यावर कुणी उभे राहायचे नाही, असा नियम. मुलींच्या शर्यतीत छगनरावांना रतनचा पट्टा आला. भीमा शेजारच्या पट्ट्यात होती. श्रीमंतराव सकाळच्या गाडीने आपले आपण आले होते आणि बाकावर बसले होते.

पहिल्या दोघींना पुण्याच्या विभागीय स्पर्धेत जायला मिळणार होते. भीमाने महिनाभर घरात दुसरा विषय काढला नव्हता. रतनने तर वर्गातल्या सगळ्या मुलींना पुण्याहून काय आणायचे ते विचारून ठेवले होते.

शर्यत सुटली. नगरची एक मुलगी सरळ पुढे गेली. दुसरी रतन, आणि तिच्या हातभर मागे भीमा. रतन भिंतीजवळ आली तसे छगनराव वाकले आणि त्यांनी हात पुढे केला. रतनने तो धरला. पाठोपाठ भीमाने भिंतीला हात लावला. छगनरावांनी रतनला वर ओढून घेतले, पाठीवरचे पाणी निपटले, आणि पंचांची शिट्टी वाजली तेव्हा ती कशासाठी हे त्यांना कळलेसुद्धा नाही.

रतन बाद झाली. भिंतीला हात न लावता तिने पंचाच्या हाताचा आधार घेतला होता. दुसरा क्रमांक भीमाचा लागला.

श्रीमंतराव बाकावरून उठले. ते छगनरावांकडे गेले नाहीत. आमच्या गावच्या माणसांकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "बांध कोरून झाला. आता पोरीची शर्यत बी कोरली."

छगनरावांनी ते ऐकले. भीमानेही ऐकले. ती ओल्या अंगाने उभी होती आणि रतनकडे बघत होती. रतन रडत नव्हती. तिला अजून आपण दुसरे आलो असेच वाटत होते.

छगनराव तडक मुख्य पंचांच्या टेबलाशी गेले. मी आणि मास्तर त्यांच्यामागे गेलो. मास्तर काही बोलणार, तोच छगनरावांनी त्यांना हाताने थांबवले.

"साहेब, पोरीनं हात मागितला न्हाई. म्या पुढं केला. आमच्याकडं पान्यातून येनाऱ्याला हात देत्यात. चूक माझी हाय, तिची न्हाई."

पंचांनी त्यांना नीट न्याहाळले. मग कागद बघून विचारले, "दुसरी आली ती तुमची मुलगी ना?"

"व्हय."

"पंचाच्या चुकीमुळे नुकसान झाले असेल तर मी दोघींची शर्यत पुन्हा घेऊ शकतो. पण मग तुमच्या मुलीचा क्रमांक राहीलच असे नाही. विचार करून सांगा."

छगनराव मागे वळले. भीमा जवळच उभी होती. त्यांनी तिला काही विचारले नाही. पण मान जराशी हलवली, ती विचारण्यासारखीच होती. भीमाने आपली वेणी पिळली आणि डोक्यावर पुन्हा घट्ट बांधली.

"घ्या साहेब," छगनराव म्हणाले. "जागा मिळाली तर पवून मिळू द्या."

मास्तरांनी जाऊन श्रीमंतरावांना हे सगळे जसेच्या तसे सांगितले. श्रीमंतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. रतनच्या पट्ट्यावर आता कोण उभे राहणार, छगनरावांना तुमची हरकत आहे का, असे पंचांनी विचारायला सांगितले होते. श्रीमंतराव मास्तरांना म्हणाले, "त्यालाच उभा करा. पर हात मागं बांधून."

हा टोमणाच होता. मास्तरांनी तो छगनरावांना सांगायला नको होता, पण सांगितला. छगनरावांना तो पटला. त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मास्तरांपुढे पाठ करून उभे राहिले. मास्तरांनी गाठ मारली. बाकांवरचे लोक हसले. छगनराव तसेच जाऊन भिंतीशी उभे राहिले. शेजारच्या पट्ट्यावर मला उभे केले.

दोघी सुटल्या. निम्म्यापर्यंत भीमा पुढे होती. माझ्या पट्ट्यात ती असल्यामुळे मला तिचे तोंड श्वास घेताना दर वेळी दिसत होते. शेवटी शेवटी रतन तिच्या बरोबरीला आली आणि मग वीतभर पुढे गेली. रतनचा हात भिंतीला लागला. छगनरावांनी स्पष्ट "लागला" म्हटले. मग भीमाचा लागला, तो मी पाहिला.

रतन पुण्याला जाणार होती.

दोघी भिंतीला धरून धापा टाकत राहिल्या. नंतर रतनने सवयीने हात वर केला. छगनराव वाकले, पण हात पाठीमागे बांधलेले. ते तसेच ओणवे राहिले. खांदे नुसते हलले. मी भीमाकडे वाकणार, इतक्यात कुणीतरी मला बाजूला सारून पुढे आले. ते श्रीमंतराव होते. तिथे प्रेक्षकांनी यायचे नव्हते, पण पंचांनी त्यांना अडवले नाही. भीमा त्यांना जवळ होती. त्यांनी आधी तिला हात दिला, वर घेतले, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग आपल्या मुलीला घेतले.

त्यानंतर ते छगनरावांच्या पाठीमागे गेले आणि उपरण्याची गाठ सोडू लागले. ती त्यांनी नुसती धरली तशी सुटली.

"कुनी मारली ही?" त्यांनी विचारले.

"मास्तरनी," छगनराव म्हणाले.

"अशा गाठीनं ढोर बांधलं तर सकाळच्याला शेजाऱ्याच्या उसात असंल."

"तुमच्याच उसात," छगनराव म्हणाले.

श्रीमंतराव हसले नाहीत. उपरणे झटकून त्यांनी ते छगनरावांच्या खांद्यावर टाकले.

परतीच्या एसटीत दोघी मुली एका बाकावर बसल्या आणि राहुरीच्या अलीकडेच झोपल्या. झोपण्याआधी भीमा वडिलांना म्हणाली, "दादा, मी आले तवा तुमी तिकडंच बघत हुता."

"माझा पट्टा तो हुता," छगनराव म्हणाले.

तिने थोडा विचार केला. गुळाचा खडा अर्धा तोडला आणि त्यांना दिला. घरी पोचल्यावर ती रडली, असे छबूबाईने नंतर सांगितले. छगनराव तिच्याजवळ बसून राहिले होते.

सोमवारी सकाळी हौदावर छगनराव नेहमीच्या पायरीवर होते. फरक एवढाच की आता मुलांना आधी त्यांच्या पायाखालच्या दगडाला हात लावावा लागे. तेवढा दगड ते रोज दोनदा घासत. रतन पुण्याला जाईपर्यंत भीमा रोज तिच्याबरोबर पोहत होती. श्रीमंतरावही पाळीला येऊ लागले. ते वरच्या पायरीवर बसत, छगनराव खालच्या. फार बोलणे होत असे असे नाही. बांधाचा प्रश्न मिटलेला नाही. दोघेही तो आपल्याच बाजूने बरोबर मोजलेला आहे असे सांगतात.

पुढल्या वर्षी पाऊस झाला नाही. हौद कोरडा पडला आणि मंडळाचे काम थांबले. कधी मळ्याकडे गेलो तर छगनराव त्या रिकाम्या हौदाच्या पायऱ्या झाडताना दिसत.

नगरला जाण्याच्या मंजूर रकमेत श्रीमंतरावांचे तिकीट धरलेले नव्हते. येताना त्यांच्याकडे सुटे नव्हते म्हणून त्यांचे आणि रतनच्या शेंगदाण्यांचे पैसे छगनरावांनी दिले. तिकिटाचा एक रुपया साठ पैसे आणि शेंगदाण्यांचे दहा पैसे, असा एक रुपया सत्तर पैसे. ते श्रीमंतरावांकडून अजून यायचे आहेत.