सगळे रेणू उजवेच निघाले

चाकणच्या एका कंपनीत मी रसायनांच्या प्रयोगशाळेत काम करते. औषधात लागणारा एक रेणू आम्ही बनवतो. त्याची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या चपलेसारखी. दिसायला जुळी, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. औषधाला उजवंच हवं. जुन्या पद्धतीत दोन्ही निम्मी-निम्मी तयार व्हायची. मग पिंपंच्या पिंपं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं द्रव, ओतून ती वेगळी करायची आणि डावं टाकून द्यायचं. माझे वडील भोसरीत लेथवर काम करून रिटायर झालेले. ते म्हणाले, "निम्मा माल भंगारात? आणि पगार देतात तुम्हाला?"

मला हसू आलं, पण खरंच होतं ते. गेल्या वर्षी आम्ही एन्झाइम वापरायचं ठरवलं. ते उजवंच रूप घडवतं, तेही पाण्यात. मात्र ते थकू नये म्हणून हायड्रोजन पुरवत राहावा लागतो. आमचे साहेब लातूरचे. हायड्रोजन ठिणगीनंही पेटतो, म्हणून सिलिंडर आल्यावर म्हणाले, "मॅडम, ह्याच्याकडं बघूनच माझं बीपी वाढायलंय." तरी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून गळती त्यांनीच तपासली.

पहिला प्रयोग फसला. दिवसभर ढवळूनही काही तयार झालं नाही. मी फार हिरमुसले. मग लक्षात आलं, पाण्यात थोडी हवा राहिली होती आणि आमच्या एन्झाइमला ऑक्सिजन सोसत नाही. पुढच्या खेपेला पाण्यात नायट्रोजनचे बुडबुडे सोडून आधी सगळी हवा हुसकावली.

दुपारी नमुना मशीनवर लावला. एरवी स्क्रीनवर शेजारी शेजारी दोन सुळके यायचे, एक डाव्याचा, एक उजव्याचा. या वेळी एकच आला.

"मशीन बिघडलं वाटतं," मी म्हणाले.

"थांबा, वेगळा न केलेला जुना माल लावून बघू," साहेब म्हणाले.

जुन्या मालाचे दोन्ही सुळके व्यवस्थित उमटले. म्हणजे मशीन ठणठणीत होतं! साहेबांनी टेबलावर अशी थाप मारली की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली.

"काय झालं?"

"डावं झालंच नाही!" मी ओरडले. कुणाला काही कळलं नाही, पण सगळे हसायला लागले.

मग साहेब आम्हा सगळ्यांना गेटासमोरच्या टपरीवर घेऊन गेले. गरम वडापाव हातात घेऊन मी तिथंच कारखान्यातल्या मोठ्या रिअॅक्टरचा, म्हणजे माल बनवायच्या टाकीचा, विचार करत होते. पुढे त्यात बॅच घेतली तेव्हा वेळ जरा जास्त लागला, पण माल तसाच शुद्ध निघाला.