तुरटीचे अकरा फेरे

आमच्या वस्तीला नळ नव्हता. आई ओढ्याचं गढूळ पाणी आणायची, हंड्यात तुरटीचा खडा अकरा वेळा फिरवायची आणि तळ दिसायला लागला की म्हणायची, "निवळलं बघा. प्या आता." तेच पाणी पिऊन माझी धाकटी बहीण जुलाब-उलट्यांनी गेली. त्या दिवशी आपलेच फेरे कमी पडले, असं आईनं कायमचं मनाला लावून घेतलं.

घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आज जलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट आहे. त्या दिवशी किती तुरटी लागेल ते ठरवायला रोज सकाळी काचेच्या सहा भांड्यांत नदीचं पाणी घेऊन कमी-जास्त तुरटी घालते. ढवळणाऱ्या यंत्राची पाती फिरतात, गाळाचे कापसासारखे पुंजके होतात आणि सावकाश तळाला बसतात. ते बघताना मला आईचं मनगट दिसतं.

एकदा ती केंद्र बघायला आली. "एवढं शिकून तुरटीच फिरवतीस व्हय गं?" म्हणाली. मी हसले. मग सांगितलं, "आई, तुरटीनं नुसता गाळ बसतो. रोगजंतू मारायला क्लोरीन लागतं. तू शंभर फेरे फिरवले असतेस, तरी..."

ती भांड्याकडे बघत राहिली. "म्हंजे माझा हात कमी नव्हता पडला?"

"नाही गं."

"मग हे तवाच कुणी सांगायचं नाही व्हय?" तिनं पदर डोळ्यांना लावला.

निवळ दिसणारं पाणी आणि पिण्याजोगं पाणी यांत अंतर असतं. माझी बहीण त्या अंतरात गेली.

आमच्या वस्तीला आता याच केंद्राचं पाणी जातं. ते सोडण्याआधी मी तपासते.