लोकांच्या मांडवातली बुधीमावशी

बुधीमावशी "दमले गं बाय" असं म्हणायची ते काम सुरू करण्याआधी. काम संपल्यावर कधीच नाही. जीपमधून फुलांच्या गोणी उतरल्या आणि लहानूकाकांनी बांबूचा सांगाडा उभा केला, की ती त्या उघड्या मांडवाखाली येऊन उभी राहायची. कमरेवर हात, नजर वर. सगळीकडे एकदा बघून झालं की म्हणायची, "दमले गं बाय." मग मांडी घालून खाली बसायची आणि दाभणात दोरा ओवायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आज ही बाई काही काम करत नाही. दुपार कलेपर्यंत त्या सांगाड्यावर झेंडूखाली एकही बांबू उघडा दिसत नव्हता, आणि मावशी कोपऱ्यात बसून चहात खारी बुडवत होती.

जव्हारला एसटी स्टँडच्या मागे माझं छोटं ब्यूटी पार्लर आहे. लग्नसराईत मी नवऱ्या सजवायला जाते. मावशी मांडव सजवायची, मी नवरी. त्यामुळे बऱ्याचदा आमचं जाणं एकाच जीपमधून व्हायचं. मोखाडा, जामसर, कधी आडबाजूचा एखादा पाडा. फुलांच्या गोणी खाली आणि आम्ही वर, माझी मेकअपची पेटी मांडीवर. घाटात जीप वळली की गोणीतून ओल्या झेंडूचा उग्र वास यायचा. मावशीच्या अंगालाही तोच वास होता, फुलं नसली तरीही.

ती मूळची दाभोशाची. तरुणपणी लहानूकाकांबरोबर संसार मांडून जव्हारला आली. दोघंही एका मांडववाल्याकडे कामाला लागली. काका बांबू बांधायचे, मावशी झाडलोट करायची. झाडता झाडता पडलेली फुलं ओवायला लागली, आणि हळूहळू मांडववाल्याचं सगळं फुलांचं काम तिच्याकडे आलं. मांडववाला म्हातारा होऊन घरी बसला, तरी ही दोघं तेच काम करत राहिली. नाशिकहून येणाऱ्या सकाळच्या गाडीने झेंडू आणि शेवंती यायची, मोगरा इथल्याच वाड्यांमधून. बांबू काकांचे, फुलं मावशीची.

पुढे मोबाईल आले आणि मावशीचं काम वाढलं. जोडपी फोटो घेऊन यायची. असा झोका पाहिजे, अशी कमान पाहिजे, मागे फुलांची भिंत पाहिजे, दोघांच्या नावाची पहिली अक्षरं गुलाबात पाहिजेत. मावशी मोबाईल लांब धरून, डोळे बारीक करून बघायची आणि म्हणायची, "हुईल." इतकंच. ते कुठल्या देशातलं लग्न आहे, ती फुलं आपल्याकडे मिळतात का, असं काही विचारायची नाही. आणि व्हायचं. फोटोसारखं नसायचं, पण जोडपं त्याच्यापुढे उभं राहून खूश व्हायचं. एका नवऱ्या मुलाला सगळं पांढरंच पाहिजे होतं. त्याची आजी म्हणाली, "पांढरा कशाला? कोन मेलाय?" घरात भांडण पेटलं. मावशीने कोणाची बाजू घेतली नाही. पांढऱ्या शेवंतीच्या माळा लावल्या आणि प्रत्येक माळेच्या टोकाला एक लाल फूल बांधलं. आजीला लाल दिसलं, नातवाला पांढरं.

घाबरलेल्या नवऱ्या ती बरोबर ओळखायची. मेंदी वाळवत बसलेली एखादी पोर एकटक भिंतीकडे बघत असली, की मावशी तिला हाक मारायची. "इकडं ये. देठ खुड." पोरीच्या मांडीवर फुलांचा ढीग ओतायची. मी ओरडायचे, "मावशी, मेंदी खराब होईल!" त्यावर म्हणायची, "मेंदी काय, परत काढशील. आता तिच्या हाताला काम पायजे." ती पोर देठ खुडत बसायची, आणि थोड्या वेळाने आपणहून काहीतरी बोलायला लागायची. सासरबद्दल, आईबद्दल, कशाहीबद्दल. मावशी फक्त ऐकायची, दाभण चालू ठेवून.

एका फेब्रुवारीत भरदुपारी ती पार्लरमध्ये आली. याआधी कधी आत आली नव्हती. गिऱ्हाईकाच्या खुर्चीवर बसली आणि आरशात बघत विचारलं, "तू नवरीच्या तोंडाला काय काय लावतंस गं?"

"कोणाच्या? सविताच्या?"

सविता तिची एकुलती एक लेक. ठाण्याला एका दवाखान्यात नर्स होती. तिचं लग्न मोखाड्याकडच्या मुलाशी ठरलं होतं, तोही ठाण्यालाच नोकरीला.

"सवीच्या नाय," मावशी म्हणाली. "माझ्या."

मी हसले. ती हसली नाही.

"माझा लगीन नाय झाला अजून," ती म्हणाली. "दाभोशाची माणसा बोलतात, आधी आईबापाचा करा, मग पोरीला हळद लावा."

आमच्या या भागात ही गोष्ट नवी नाही. पाड्यांवर मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत करून एकत्र राहायला लागतात, संसार होतो, मुलं होतात, आणि लग्नाचा विधी सवडीने मागाहून होतो. कोणी त्यांना नावं ठेवत नाही. फक्त लेकरांच्या लग्नाआधी आईबापाचं लग्न लागलेलं हवं, नाहीतर लेकराच्या विधीत त्यांना बसता येत नाही. हे मला माहीत होतं. पण बुधीमावशीचंही तसंच असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. सगळ्या तालुक्याचे मांडव सजवणारी बाई.

"मग इतक्या वर्षांत केलं का नाही?"

"कवा करू? उन्हाळ्यात लोकांची लग्ना. पावसात गावाला भात. दिवाळी झाली की परत लोकांची लग्ना." तिने हात उलटे करून बघितले. झेंडूचा पिवळा रंग नखांच्या कडांतून कधीच जायचा नाही. "राहून गेला."

पण आताही करायचं तिच्या मनात नव्हतं. सविता रडली होती. ठाण्याच्या मैत्रिणी लग्नाला येणार, त्यांना काय सांगायचं, माझ्या आईबापाचं लग्न व्हायचंय? आम्ही दोघं रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन सह्या करू, गाववाल्यांना काय बोलायचं ते बोलू दे, असं तिचं म्हणणं. मावशीला तेही चालणार होतं. "आता या वयात हळद लावून कोन बसतो?" ती म्हणाली. "नुसता बसायलापन दम पायजे." मग उठली आणि निघून गेली.

दोन-तीन दिवसांनी लहानूकाका आले. पायरीवरच उभे राहिले. मुळात कमी बोलणारा माणूस. मांडवात त्यांचा आवाज मी ऐकला असेल तो "दोरी दे" एवढाच.

"मनीषाताई," ते म्हणाले, "तिला सांगा. मला करायचा हाय."

"काका, तुम्हीच सांगा ना."

"मी बोललो. ती बोलली, हुईल. ती सगळ्यांनाच हुईल बोलते." ते रस्त्याकडे बघत राहिले. "एवढ्यांचे मांडव बांधले. आतमधी कवा गेलो नाय. बांधला की बाहेर. मला एकदा आतमधी उभा ऱ्हायचा हाय, तिच्याबरोबर."

एवढं बोलून ते वळले आणि उताराने चालायला लागले.

मी मावशीला सांगितलं ते मोखाड्याच्या एका लग्नावरून परतताना, जीपमध्ये. रिकाम्या गोणींवर बसलो होतो आम्ही. ती पदराला चिकटलेल्या पाकळ्या काढत होती. माझं बोलणं संपल्यावर तिचा हात थांबला.

"तो असा बोलला?"

"हो."

"मला नाय बोलला असा."

मग ती परत पाकळ्या काढायला लागली. जव्हार जवळ आल्यावर म्हणाली, "मग धवलेरीला सांगाया लागंल." धवलेरी म्हणजे गाणी म्हणत लग्न लावणारी बाई. मावशीचं ठरलं होतं. आणि सविताला तिने काय सांगितलं, तेही तिनेच मला ऐकवलं. "बोलले, तुझ्या मैतरणींना सांग, आईबापाला वेळ नव्हता."

लग्न दाभोशाला झालं. एकाच मांडवात, सकाळी आधी आईबापाचं, मग लेकीचं. मांडव अर्थात मावशीनेच सजवला होता, आदल्या दिवशी, लेकीसाठी. मी तिला सजवायला बसले तेव्हा तिचे डोळे सुजले होते, पाय सुजले होते. पेटी उघडली तर म्हणाली, "ता सगळा सवीला लाव. मला तोंड धुवून दे आन् कुंकू लाव." हातांचे पिवळे डाग मी लिंबाने घासून बघितले. तिने हात ओढून घेतला. "ऱ्हाऊ दे. हळदीत कोनाला दिसतात?"

सविता ठाण्याच्या मैत्रिणींबरोबर लांब उभी होती, मान खाली घालून. धवलेरीने गाणं सुरू केलं. मावशी पाटावर बसली. आणि बसल्या बसल्या तिची नजर वर गेली. दारावरचं तोरण एका बाजूला लोंबत होतं. ती उठली.

"नवरी! बस खाली!" गाणं मध्येच तोडून धवलेरी ओरडली.

सगळा मांडव हसला. पन्नाशी उलटलेली बुधीमावशी चटकन खाली बसली, पण डोळे तोरणावरच. तेवढ्यात सविता पुढे आली. प्लास्टिकच्या खुर्चीवर चढली, तोरण ओढून नीट बांधलं आणि वरूनच विचारलं, "झालं? आता बस गप." ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. खाली उतरून तिने आईच्या कपाळाला स्वतःच्या हाताने मुंडावळ्या बांधल्या. मग तिथेच, आईच्या पाठीशी बसून राहिली. मैत्रिणीही तिच्यामागे येऊन बसल्या.

हार घालायची वेळ आली तेव्हा कळलं, मावशीने स्वतःसाठी हार केलेलेच नाहीत. लेकीचे केले होते, जावयाचे केले होते. काकांनी कोपऱ्यातली पिशवी उघडली. त्यात मोगऱ्याचे दोन हार होते. कोणाच्या वाडीतून फुलं आणली, कधी ओवली, देव जाणे. फुलं एकाआड एक वाकडी, मध्ये मध्ये दोरा उघडा, आणि शेवटी बोटाएवढी जाड गाठ.

मावशीने हार हातात घेऊन उलटसुलट बघितला. "गाठ कवढी बांधलीस? बांबू हाय काय हा?"

"सुटायची नाय," काका म्हणाले.

तिने मान वाकवली.

त्यानंतरच्या मोसमात मावशीने मोजकीच कामं घेतली. बोलता बोलता तिला धाप लागायची. सविता तिला ठाण्याला घेऊन गेली. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या आणि दोघं जव्हारची खोली सोडून दाभोशाला राहायला गेली. भात कापून झाल्यावर मी एकदा भेटायला गेले, तर ती अंगणात उन्हात बसली होती आणि काका तिच्यासाठी नाचणीची आंबील निववत होते. तिने विचारलं, आता मांडव कोण करतं? मी म्हटलं, नवी पोरं आली आहेत, कापडी फुलं लावतात, आयता सेट असतो. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "बरा हाय. धुवून परत लावता येतात. सकाळच्या गाडीची वाट बघाया नको."

या वर्षी लग्नसराई नुकती सुरू झाली आणि सविताचा फोन आला. मी हातातलं काम दुसऱ्या मुलीकडे दिलं आणि मिळेल त्या जीपने दाभोशाला गेले. मावशीला अंगणात ठेवलं होतं. कपाळावर हळद-कुंकू होतं, ते काकांनी लावलं होतं. माणसं गोळा होत होती. अंगणात फूल म्हणून एक नव्हतं. सविता मला बिलगली आणि थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, "ताई, आईला असं कसं न्यायचं? तुमची ओळख आहे, नाशिकच्या गाडीने झेंडू मागवता का? भरपूर मागवा."

मी फोन काढला. मावशीच्या उशाशी बसलेल्या लहानूकाकांनी वर बघितलं आणि हात आडवा केला.

"फुलां नको," ते म्हणाले. "तिला काम वाटंल."