लिंबाची आधी चौकशी करणारे भाऊजी

आमच्या धसईकडच्या गावांत परसदारी लिंबाचं झाड आहे आणि माझ्या धाकट्या दिरांनी ते तपासलेलं नाही, असं घर सापडायचं नाही. माणूस आजारी पडला तर भाऊजी सवडीने जातात. लिंबाची पानं मुरडलीत असं कळलं की तोंडातला घास गिळायच्या आत निघतात. ते कोणाकडे पुढच्या दाराने गेलेले मी पाहिलेले नाहीत. कुंपणातून आत शिरायचं, पानाची खालची बाजू बघायची, खोडावर टिचकी मारायची, आणि घरातलं कोणी बाहेर आलंच तर विचारायचं, की बुंध्याशी भांड्यांचं पाणी ओतायला ही काय मोरी आहे? आळं करून खोडापासून हातभर लांब पाणी घाला, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलंय की त्यांना बघून बाया बादली पदराआड लपवतात.

एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी हे गायब. सापडले नवरीच्या घरामागे. एका मुठीत अक्षता, दुसऱ्या मुठीत लिंबावरच्या अळ्या. नवरीचा बाप जेवायला चला म्हणून विनवायला लागला, तर म्हणाले, "येतो रे, आधी ही पंगत उठवू दे." त्यांच्या मुलाने आईसाठी वाशिंदहून आणलेला वासाचा साबण यांनी पाण्यात कालवून लिंबावरच्या माव्याच्या किडीवर फवारला. मावा गेला. माझी जाऊ मात्र कपड्यांच्या साबणाने अंघोळ करत राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, की या घरात किड्यांचे लाड होतात.

याच जावेने माझ्या सुनेवर बालंट आणलं. माझं लिंब भर फळात एका अंगाने वाळायला लागलं. आमच्याकडे पाळीच्या दिवसांत बाई लिंबाला हात लावत नाही. लावला तर झाड करपतं म्हणतात. जावेने नव्या सुनेला नेमकं त्या दिवसांत लिंबं तोडताना पाहिलं होतं. ते तिने माझ्याच ओटीवर बायांना सांगितलं. सून खोटं बोलली नाही. "तोडली," म्हणाली, "डाळीत पिळायला." पण त्यानंतर तिने परसदारी पाऊल टाकलं नाही आणि माहेरी जायची पिशवी भरून ठेवली. मी जावेला गप्प बस म्हटलं. पण माझ्या बोलण्याने झाड थोडंच हिरवं होणार होतं, आणि बाया तर झाडाकडेच बघत होत्या.

मी भाऊजींना बोलावलं. ते आले, वाळक्या फांदीखाली गुडघे टेकून बसले, आणि जमिनीवर पडलेला भुसा चिमटीत घेऊन हुंगला. फांदीच्या बेचक्यात एक भोक होतं. त्यात सायकलची तार घालून त्यांनी पांढरीफटक, करंगळीएवढी अळी ओढून काढली, पानावर ठेवली आणि ओटीवर आपल्या बायकोपुढे धरली.

"झाड हिनं खाल्लं. आता हिला विचार, हिचे कुठचे दिवस हायेत ते."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. जाऊ म्हणाली, "अळी असंल. पण हिनं हात लावलाच ना?"

भाऊजींनी सुनेला हाक मारून रॉकेलचा बोळा तिच्याच हाताने भोकात भरायला लावला, वरून चिखल लिंपायला लावला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरी, आजपासून याला पाणी तुझ्याच हातचं. महिन्यातला एक दिवस चुकवायचा नाय."

एक दिवस नाय, म्हणजे काय ते सगळ्या समजल्या. सुनेने पिशवी रिकामी केली. वाळलेलं अंग भाऊजींनी करवतीने काढलं, कापावर मोरचूद-चुना लावला. उरलेलं अंग पालवलं, आणि लोणच्यासाठी पहिली टोपली घेऊन गेली ती माझी जाऊच.

आता भाऊजींची नजर गेल्यासारखीच आहे. सून पाणी घालायला निघाली की काठी टेकत येतात, झाडाशी बसतात आणि तिला पानांची खबर विचारतात. परवा ती म्हणाली, "काका, पाखरू हगल्यासारखं कायतरी पानावर हाय."

"बोटानं डिवच. अळी असंल तर शिंगं काढंल."

तिने डिवचलं. लाल शिंगं बाहेर आली, वास सुटला.

"काढली ना गो?" त्यांनी विचारलं. एके काळी हे त्यांना कुंपणापलीकडून दिसायचं.

"काढली," ती म्हणाली आणि पान तोडून त्यांच्या नाकाजवळ धरलं. बराच वेळ धरून उभी होती. मी तिला कामाला आत बोलावणार होते, नाही बोलावलं.